चौऱ्याऐंशी ग्रॅमचा आडोसा

१

सकाळी सात वाजता पाचशे मिली पाणी. तेच पातेलं, तेच झाकण, तीच सपाट शिळा. ज्योत लागली की मोबाइलवर घड्याळ सुरू करायचं, पाण्याला खळखळून उकळी आली की थांबवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. पाठीवर घेऊन चालायचा स्टोव्ह असा निवडतात. दुकानदाराला विचारून नाही, आणि वडीलधाऱ्यांना विचारून तर अजिबात नाही.

मी महामाया. बुलढाण्यात राहते, भूगोलात एम.ए. केलंय. आमच्या कॉलेजच्या भटकंती मंडळात मुलांचे डोंगरावरचे मुक्काम दरवर्षी होतात. मुलींचा एकदाही झाला नव्हता. या जानेवारीत सहा मुलींना घेऊन रोहिणखेडच्या वरच्या पठारावर एक रात्र राहायचं असं मी ठरवलं आणि मंडळाच्या भालचंद्र सरांकडे परवानगी मागायला गेले.

"मुलींनी काय, दिवसाचं जाऊन यावं की," सर म्हणाले.

"का, सर?"

"नको ते प्रश्न उद्भवतात."

"कुठले?"

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, पण अडचणीच्या प्रश्नाला त्यांच्याकडे हे एकच उत्तर होतं. मी उठले नाही तेव्हा त्यांनी अट घातली. पठारावर लाकूडफाटा पेटवायचा नाही, हलका स्टोव्ह न्यायचा. तो कोणता, किती वजनाचा, किती भरवशाचा, हे त्याच जागी चाचणी करून लेखी द्यायचं. अहवाल पटला तर सही, नाही तर पुढच्या वर्षी बघू. पोरगी कंटाळेल असं त्यांना वाटलं. सहाजणींत त्यांची सख्खी नात गार्गी आहे, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षीचं ऐकायची माझी तयारी नव्हती. सहा मुली घरी भांडून तयार झाल्या होत्या. त्या पुन्हा भांडल्या नसत्या.

२

स्टोव्ह तीन होते. पहिला गॅसचा, मुठीत मावणारा, गॅसच्या छोट्या डब्यावर फिरवून बसवायचा. वजन त्र्याहत्तर ग्रॅम. दुसरा स्पिरिटचा, म्हणजे ॲल्युमिनियमची नुसती वाटी. तिला चावी नाही. ओतलेलं जळून संपलं की संपली. तिसरा घडीचा पत्रा, त्यावर पांढऱ्या इंधनवड्या ठेवून पेटवायच्या. त्या पेटल्या की सुकटीसारखा वास येतो.

सोबत वाऱ्यासाठी एक पातळ पत्रा आला होता, स्टोव्हभोवती उभा करायचा आडोसा. तो मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. चौऱ्याऐंशी ग्रॅम. स्टोव्हपेक्षा जास्त! पाठीवरच्या ओझ्यात प्रत्येक ग्रॅमला जाब विचारावा लागतो. मी टूथब्रशची दांडी कापणारी बाई आहे. आडोसा घरीच राहिला.

चाचणीसाठी मी चार दिवस तानाआत्याकडे मुक्काम केला. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. पठाराच्या पायथ्याला, वस्तीतल्या शेवटच्या घरात एकटी राहते. तिच्या अंगणातून वर चढायला तास लागतो. पहिल्या संध्याकाळी मी सगळं सामान ओट्यावर मांडलं, तेव्हा ती ज्वारी पाखडत होती.

"काय होय हे?"

"स्टोव्ह."

"हा?" तिनं गॅसचा स्टोव्ह दोन बोटांत धरून उलटा केला. "याच्यावर त उंदराच्या लग्नाचाबी भात शिजणार नाई."

"सात जणींची खिचडी शिजते, आत्या."

"शिजत असन, बाप्पा. याचा आडोसा कुठी हाय?"

"घरी ठेवला. वजन होतं."

आत्यानं सूप खाली ठेवलं. "वर इस्तो उघडा नोको ठेवू. डोंगराकडून बंद पाह्यजे."

"काऊन?" मी मुद्दाम तिच्याच बोलीत विचारलं.

"काऊन म्हंजे? डोंगराले इस्तो दाखवत नाईत."

"अगं, पण कारण?"

"कारण काय अन् बिरन काय. नाई दाखवत."

मला अशा उत्तरांचा संताप येतो. "आपल्या घरात देव नाहीत, भुतं नाहीत. आजोबांनी सगळं नदीत सोडलं म्हणून तुम्ही सगळे मोठ्या तोऱ्यात सांगता, आणि वर डोंगराला विस्तव दाखवायचा नाही?"

"देवाचं कोन बोलून राह्यलं?" आत्या शांतपणे म्हणाली. "टरक येऊन राह्यला त रोडच्या मंधात उभं राह्यतं का कोनी? त्याच्यात देव कुठून आला?"

आणि तिनं पुन्हा सूप उचललं. ट्रकचा आणि डोंगराचा संबंध विचारायला मी थांबले नाही.

३

सोमवारी पहिली चाचणी, गॅसची.

पठार मोकळं आहे. वाळलेलं गवत, मधूनमधून काळा खडक, एका कडेला बारमाही झरा. गावातले लोक हिवाळ्यात तिथे रोडग्यांचं जेवण करतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. त्यांच्या जुन्या चुली जागोजाग दिसतात. प्रत्येक चुलीला पश्चिमेकडून कंबरेएवढी दगडाची भिंत आहे. मी ती वाऱ्यासाठी असेल असं धरून चालले. हिवाळ्यात इथला वारा उत्तरेकडून येतो, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पश्चिमेला पठार तुटतं. मध्ये दरी, आणि दरीपलीकडे एक डोंगर. मोठा, पण सांगण्यासारखा नाही. नकाशात त्याला नाव नाही. आत्याला नाव विचारलं होतं तर ती म्हणाली होती, त्याले कोन नाव ठेवन?

कडेपासून दहा पावलांवरच्या शिळेवर मी स्टोव्ह लावला. चार मिनिटं दहा सेकंदांत पाणी उकळलं. चावी बारीक केली तर ज्योत मण्याएवढी होऊनही टिकते, हे एका ओळीत टिपलं. दोन फोटो काढले, एक सुरुवातीचा, एक शेवटचा. मग चावी फिरवली. टक्. ज्योत गेली. पातेलं उपडं करून मी चमचा त्याच्यावर आपटला, आणि तोच आवाज दरीपलीकडून परत आला. भूगोलवाल्यांना खोड असते म्हणून मोजलं. तीन सेकंद. म्हणजे डोंगर अर्धा किलोमीटर.

एकच गोष्ट वहीत बसत नव्हती. ज्योत पूर्ण वेळ पश्चिमेकडे झुकलेली होती. मी बोट ओलं करून वर धरलं. गवताचा भुगा चिमटीत घेऊन सोडला, तो सरळ माझ्या बुटावर पडला. शेवटी मी लिहिलं : वारा नाही. ज्योत पश्चिमेकडे.

शिळा तिरकी असेल.

४

मंगळवारी स्पिरिटची वाटी. नऊ मिनिटं. शिळेवर मी पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध थांबला. शिळा तिरकी नव्हती. स्पिरिटची ज्योत उजेडात नीट दिसत नाही, पण तिची धग पातेल्याच्या एकाच बाजूला लागत होती. पश्चिमेच्या. स्पिरिट उरलं होतं, म्हणून मी वाटीवर झाकण दाबून ते विझवलं. चमच्याचा आवाज दोन सेकंदांत परत आला. मी मोजायला चुकले असं धरलं.

बुधवारी इंधनवड्या. अकरा मिनिटं होऊनही नीट उकळी नाही, पातेलं काळंकुट्ट. ज्योत पिवळी होती म्हणून या वेळी स्पष्ट दिसलं. ती नुसती झुकत नव्हती. बोलावल्यावर मान वळावी तशी वळलेली होती. मी फुंकर मारून विझवली, पातेलं उपडं केलं आणि चमचा आपटला.

आवाज लगेच आला. पलीकडच्या खोलीत कोणीतरी भांडं आपटावं, इतका लगेच.

मी वर पाहिलं नाही. का पाहिलं नाही, याचं कारण मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं : पातेलं घासायचं होतं, उशीर झाला होता. मी सामान भरलं आणि पूर्वेकडे तोंड करून उतरायला लागले.

५

संध्याकाळी आत्याच्या ओट्यावर बसून अहवालासाठी फोटो निवडत होते. तिन्ही दिवस फोन त्याच दगडावर टेकवून, त्याच अंतरावरून काढलेले फोटो. पुढे पातेलं, मागे डोंगर.

सोमवारी डोंगराचा माथा पातेल्याच्या कडीपर्यंत पोचत होता. मंगळवारी झाकणापर्यंत. बुधवारी तो झाकणाच्या कितीतरी वर गेला होता आणि त्याच्या उतारावरची झाडं वेगवेगळी मोजता येत होती.

मी पट्टी घेतली. पडद्यावर धरून मोजलं. पातेलं तिन्ही फोटोंत तेवढंच होतं, मिलिमीटरही कमी-जास्त नाही. मग मी प्रत्येक दिवसाचा पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवला. त्या दोन्हींत काही फरक नव्हता. ज्योत पेटलेली असताना डोंगर हलत नव्हता. जे काही होत होतं ते एका दिवसाचा शेवटचा फोटो आणि दुसऱ्या दिवसाचा पहिला फोटो यांच्या मध्ये कधीतरी. ज्योत विझल्यावर.

दिवा अचानक गेला की माणूस काय करतो? जिथे तो होता तिकडे चालत जातो.

हे माझ्या मनात आलं आणि मी स्वतःवर चिडले. भिंग, उजेड, धुकं, काहीतरी असणार. तरी मी फोन आत्यासमोर धरला. तिनं पाहिलं नाही.

"दाखवला ना?" एवढंच म्हणाली.

"आत्या, काय आहे ते?"

"मले काय माहीत? तू शिकेल हायस, तू सांग."

"मग करायचं काय?"

"चार-पाच रोज जाऊ दे. जाते मांगं." तिनं चुलीतल्या गोवरीकडे बोट दाखवलं. "अन् कधी पुन्हा दाखवला गेलाच त एकदम इझवू नोको. गोवरी कशी इझते, हळूहळू? कधी इझली थे कळतबी नाई. तसं त्याचा त्याच्यानं इझू दे. तुह्या त्या टकटकीनं नाई."

रविवारी मी बुलढाण्याहून परत येऊन पुन्हा वर गेले. डोंगर कडीच्या रेषेत होता, सोमवारच्या जागी. मी एका जुन्या चुलीच्या भिंतीआड गॅस पेटवला, उकळी आणली, चावी फिरवली. ज्योत शेवटपर्यंत सरळ उभी राहिली होती. चमचा आपटला : तीन सेकंद. सोमवारी पुन्हा तेच केलं, पुन्हा तीन. म्हणजे नियम सापडला होता. भिंत असली की काही नाही. मला तेवढं पुरेसं होतं. झऱ्याची जागा ही एकच, परवानगीच्या कागदात नाव या पठाराचं, आणि सरांना मी काय लिहिणार होते? डोंगर चालतो?

मी गॅसच्या स्टोव्हची शिफारस लिहिली. सरांनी तीन वेळा वाचून सही केली.

६

शनिवारी दुपारी आम्ही सातजणी आत्याच्या अंगणातून चढून वर पोचलो. मुलींना बघून मला भरून आलं. रेणुकाच्या घरी तिला शेजारच्या गल्लीतही एकटीला पाठवत नाहीत. ती पाठीवर नऊ किलो घेऊन सगळ्यांच्या पुढे चालत होती.

तंबू लागले. मी चुलीच्या भिंतीआड स्टोव्ह मांडला आणि सांगितलं, "स्वयंपाक फक्त इथे. स्टोव्ह भिंतीच्या पलीकडे न्यायचा नाही."

"का, ताई?" गार्गीनं विचारलं. एकोणीस वर्षांची, आजोबांसारखाच चष्मा, पण ती तो पुसत बसत नाही. सरळ बघते.

"नाही न्यायचा."

"वाऱ्यामुळे? आज तर वारा नाही."

"गार्गी, सांगितलं ना एकदा?"

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. गेली चोवीस वर्षं ते माझ्याच चेहऱ्यावर येत होतं. तरी मी पुढे बोलले नाही. काय बोलणार होते? हसल्या असत्या. मी म्हणाले, "गॅस जपून वापरायचा. पातेलं उतरवलं की लगेच बंद. पुन्हा ठेवलं की पुन्हा पेटवायचा. हा डबा एकच आहे."

हे मात्र तिनं नीट ऐकून घेतलं.

खिचडी झाली. अंधार पडायच्या आत भांडी घासली. डोंगर त्याच्या जागी होता. मी दोनदा बघून घेतलं.

७

सकाळी जाग आली तेव्हा दरी धुक्यानं भरली होती. मी रेणुकाला घेऊन झऱ्यावर पाणी आणायला गेले. बाटल्या भरायला वीसेक मिनिटं लागली असतील. परत येताना चहाचा वास आला आणि मुलींचं हसू ऐकू आलं. वास तंबूंकडून येत नव्हता. कडेकडून येत होता.

"ताई, या ना!" गार्गीनं हात हलवला. ती त्या सपाट शिळेवर बसली होती, पुढ्यात स्टोव्ह. "इथून सूर्य काय दिसतोय! दोन वेळा चहा झाला, हा तिसरा. पातेलं लहान आहे ना. पण गॅस जपून वापरला बरं का, दर वेळी बंद केला."

दर वेळी बंद केला.

"गार्गी!" मी ओरडले, आणि माझाच आवाज माझ्या तोंडावर आला, बंद खोलीत ओरडल्यासारखा.

धुकं होतंच. पण धुक्याच्या वरचं आकाश नव्हतं. मी मान मागे टाकत गेले, टाकत गेले, आणि आकाश सुरू झालं तेव्हा माझी टोपी खाली पडली. कडा आणि तो यांच्या मध्ये दरी नव्हती. एखाद्या ओढ्याच्या रुंदीएवढी जागा होती. त्याच्या अंगावरची सालईची झाडं मला पानांसकट दिसत होती. वारा नव्हता, आणि सगळी झाडं आमच्याकडे झुकली होती. एका पाखराचाही आवाज नव्हता.

मुली त्याच्याकडे पाठ करून, पूर्वेच्या उन्हाकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी अजून मागे पाहिलं नव्हतं. माझा चेहरा बघून गार्गी घाबरली. चूक झाल्यावर माणूस जे करतो तेच तिनं केलं. तिचा हात चावीकडे गेला.

"हात लावू नको!"

हात हवेतच थांबला.

"उठा सगळ्या. सॅक राहू द्या. पाणी घ्या आणि आत्याच्या घरी उतरा. रेणुका पुढे, गार्गी शेवटी. मागे वळून बघायचं नाही. खाली पोचलात की मला निरोप टाका."

"ताई, काय झालं?"

"जा म्हणते ना!"

गार्गी जाताना वळलीच. मी तिला दोष देत नाही. तिचं तोंड उघडं राहिलं, चष्म्यात काहीतरी राखाडी भरून आलं, आणि मग ती पळत सुटली.

८

मी शिळेवर बसले. पातेलं उतरवलं, चहा अर्धा सांडला. डबा हलकेच उचलून वजनाचा अंदाज घेतला. साठेक ग्रॅम गॅस असेल. मोठ्या ज्योतीवर अर्धा तास. चावी बारीक केली तर दोन तासही चालेल. मुलींना उतरायला पाऊण तास. आडवा दगड ठेवायचा विचार आला, पण झाकणं म्हणजेही विझवणंच. स्पिरिटची वाटी निवडली असती तर माझ्या हातात काहीच उरलं नसतं, हे मला तेव्हा समजलं.

मी चावी केसभर फिरवली. थांबले. पुन्हा केसभर.

पहिली काही मिनिटं मी फक्त ज्योतीकडे बघत राहिले. ती निळी, आडवी, त्याच्याकडे. मग गॅसचा डबा गार पडायला लागला. त्याच्यावर दव धरलं आणि ज्योत आचके द्यायला लागली. थंडीत असं होतं, डब्याला ऊब द्यावी लागते. मी दोन्ही तळहात त्याच्याभोवती धरले. असं बसलं की मान वर होते. मला वर बघावंच लागलं.

धुकं फाटत होतं. आधी खडकाचा एक पट्टा दिसला, ओला. मग त्याच्या वर मोठी आडवी घळ. पावसाच्या पाण्यानं पडते तशी, असं मी मनाशी म्हणाले. मी भूगोलवाली आहे. घळी कशा पडतात मला माहीत आहे. त्या उतारावर उभ्या पडतात. ही आडवी होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एखादं गाव बसेल एवढी. आणि ती बंद नव्हती. कडा वर उचललेल्या होत्या, त्यांच्यावरची झाडं त्यांच्याबरोबर उचललेली होती. आत अंधार असायला हवा होता. तिथे काळं, गुळगुळीत, ओलसर असं काहीतरी होतं, आणि त्याच्या मधोमध एक निळा ठिपका.

मी चावी थोडी कमी केली.

तो ठिपकाही कमी झाला.

किती वेळ गेला मला सांगता येत नाही. मी श्वासही त्या ज्योतीच्या मापानं घेत होते. त्यानं काही केलं नाही. ते बघत होतं. माझ्याकडे नाही. माझ्या दोन हातांमधल्या त्या एवढ्याशा निळ्या थेंबाकडे, आणि इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात कुणाला कशाकडे बघताना पाहिलं नव्हतं. माझे वाद, माझी वही, सरांची सही, सगळं कुठेतरी फार खाली राहिलं होतं. एवढं मोठं काही असू शकतं आणि ते इतकं गप्प राहू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

खिशात फोन थरथरला. गार्गीचा निरोप : सगळ्या आत्याकडे पोचलो. तुम्ही या.

आता मी डब्यावरचे हात काढायला हवे होते. डबा आपोआप गारठला असता, ज्योत मंदावत गेली असती, काम झालं असतं. मुली खाली होत्या. हात काढायला काहीच हरकत नव्हती.

मी काढले नाहीत. अजून थोडा वेळ, असं मी स्वतःशी म्हणाले. मग आणखी थोडा वेळ. मी डबा मांडीवर घेऊन तळहातांत आवळून धरला, शेवटचा गॅस निघावा म्हणून. चावी बारीक करायची सोडून मी ती जराशी, अगदी जराशी मोठी केली.

ती घळ आणखी उघडली. ते पुढे आलं नाही, नुसती घळ उघडली. माझ्या तोंडावर एक थंड, मातीच्या वासाचा झोत आला आणि थांबला. ते श्वास रोखून बसलं होतं. ज्योत विझू नये म्हणून.

तेव्हा मी रडले. आणि चावी पुन्हा केसाकेसानं उलटी फिरवत नेली, मण्याएवढी, मोहरीएवढी, आणि मग डबा खाली ठेवून हात मांडीवर घेतले.

ज्योत कधी गेली ते मला कळलं नाही. मी वर बघत होते. कडा खाली आल्या, इतक्या सावकाश की झाडावरचं एक पानही पडलं नाही.

९

मी आत्याच्या अंगणात पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. मुली ओट्यावर ओळीनं बसल्या होत्या, गूळ-शेंगदाणे पुढ्यात, कोणी खात नव्हतं. आत्यानं माझे हात हातात घेऊन पाहिले.

"त्याचा त्याच्यानं इझला?"

"हाव."

तिनं मान हलवली आणि चुलीवर पाणी चढवलं.

गार्गी उठून माझ्यासमोर आली. "ताई, मी चुकले. पण का, ते तुम्ही सांगितलं असतं तर मी नसता नेला. आता सांगा. काय होतं ते?"

बरोबर होतं तिचं. तिला गप्प बसवायचा हक्क मला नव्हता. मी तिला शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आडोसा, तीन स्टोव्ह, चमच्याचा आवाज, फोटो, पट्टी. आकडे सगळे नीट सांगितले. वरच्या शिळेपर्यंत आले. डबा किती गार होता ते सांगितलं. त्यापुढे तोंड उघडलं, आणि बंद केलं. का येतं, कशाला येतं, काय आहे, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं ते या सहा मुलींना सांगण्यासारखं नव्हतं. त्यातली एखादी उद्या स्टोव्ह घेऊन वर गेली असती.

मी आत्याकडे गेले. ती चुलीत काडी सारत होती.

"आत्या, तू पाह्यलं होतं?"

तिनं चुलीतली राख मागे ओढली. "तुह्याएवढी होती. गोवऱ्या वेचाले गेल्ती. थंडी वाजली म्हनून पेटवला जरासा."

"मंग?"

"लय मोठं होतं."

"भेव वाटलं?"

आत्यानं ओट्यावरच्या मुलींकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"नाई वाटलं, माया. थेच त सांगता येत नाई कोनाले."